विस्तवाची मर्यादा

जानेवारीतली गोष्ट. आमच्या पिपरी मेघेत आता चहूकडे लेआउट पडले, तुरीच्या वावरांवर दुमजली घरे उभी राहिली. तरी थंडीच्या दिवसांत गल्लीच्या टोकाला शेकोटी पेटते ती पेटतेच. कुणी मागच्या हंगामाच्या पऱ्हाट्या आणतो, कुणी तुराट्या, कुणी बांधकामातून उरलेले फळ्यांचे तुकडे. त्या संध्याकाळी शेजारच्या दोन पोरांनी उत्साहाच्या भरात पऱ्हाट्यांचा अख्खा भारा विस्तवावर टाकला. जाळ दबला, धूर उठला आणि सगळे डोळे चोळत मागे सरकले. "अबे, इतक्या कोंबशीन तं विझनच ना ते!" असे ओरडत एक म्हातारे गृहस्थ उठले. काठीने भारा सैल करून त्यांनी जाळाला वाट करून दिली.

माझी नात अकरावीला विज्ञान शाखेत आहे. ती मोबाइलवर बातमी वाचत बसली होती. "आबा, गंमत बघा," ती म्हणाली, "इथे जास्त सरपण घातलं तर शेकोटी विझायला आली. आणि चीनच्या कृत्रिम सूर्यात मर्यादेपेक्षा जास्त इंधन घातलं तरी तो विझला नाही, असं लिहिलंय. पण सूर्याला कसली आली मर्यादा?"

मला उत्तर देता आले नाही. छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्जाच्या टेबलावर. ‘लिमिट’ हा शब्द मी जितक्या वेळा लिहिला असेल तितक्या वेळा स्वतःचे नावही लिहिले नसेल. पण विस्तवालाही लिमिट असते आणि त्याचेही सूत्र कुणीतरी मांडून ठेवलेले असते, हे मला नवीन होते. मग काही दिवस वाचन केले, पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका मित्राचे डोके खाल्ले, आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

सूर्य जळत नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे लागते. लाकूड जळते तशी तिथे ज्वलनाची क्रिया नसते. हायड्रोजनच्या अणूंची केंद्रके एकमेकांत मिसळून हेलियमची केंद्रके होतात, आणि त्या मिसळण्यात थोडे वस्तुमान हरवते. त्याचीच ऊर्जा होते. याला अणुसंमीलन म्हणतात. तारापूरला चालते ते विखंडन, जड अणू फोडण्याचे काम. संमीलन म्हणजे हलके अणू जोडण्याचे. जोडणे फोडण्यापेक्षा अवघड, हा घरातला अनुभव इथेही खरा ठरतो. केंद्रके एकमेकांना दूर ढकलतात. ती भिडावीत म्हणून त्यांना भयंकर वेग, म्हणजेच भयंकर तापमान द्यावे लागते. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंशांवर काम भागते, कारण तिथे दाब प्रचंड आहे. पृथ्वीवर तो दाब आणता येत नाही, म्हणून पंधरा कोटी अंशांपर्यंत जावे लागते. त्या उष्णतेत अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूचा प्लाझ्मा होतो.

एवढा तप्त प्लाझ्मा ठेवायचा कशात? कुठल्याही भांड्यात नाही. तो विद्युतभारित असल्याने चुंबकाचे ऐकतो. म्हणून बांगडीच्या आकाराची पोकळ नळी करायची, तिच्याभोवती प्रबळ चुंबक लावायचे, आतल्या प्लाझ्मातून लाखो अँपिअरचा प्रवाह वाहू द्यायचा आणि त्याला भिंतींपासून दूर, अधांतरी गरगरत ठेवायचे. या यंत्राला टोकामॅक म्हणतात. शब्द रशियन आहे, कारण यंत्राची जन्मभूमी सोव्हिएत रशिया.

या स्वप्नाशी मुंबईचा संबंध फार जुना आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये जीनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. संमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. तसे झाले तर समुद्रात जोवर पाणी आहे तोवर जगाला इंधनाची चिंता नाही, हा त्यामागचा हिशेब. तो हिशेब चुकीचा नव्हता. पाण्यातल्या सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा असतो. संमीलनाच्या दोन इंधनांपैकी ते एक. दुसरे ट्रिटियम, ते लिथियमपासून तयार करावे लागते. ड्यूटेरियम असलेले जड पाणी आपल्या रायगड जिल्ह्यात, थळच्या कारखान्यात आजही तयार होते. अणुभट्ट्यांना ते लागतेच.

भाभांनी दिलेली वीस वर्षांची मुदत १९७५ साली संपली. भाभा तोवर हयातही नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँ पर्वतावर त्यांचे विमान कोसळले होते. अडले कुठे? माझा समज असा होता की तेवढे तापमान गाठता येत नसावे. तो खोटा निघाला. तापमान गाठून अनेक वर्षे झाली. इंग्लंडमधल्या ‘जेट’ या यंत्राने २०२३ च्या अखेरीस बंद होण्यापूर्वी पाच सेकंदांत ६९ मेगाजूल ऊर्जा दिली. विजेच्या बिलाच्या भाषेत एकोणीस युनिट, आणि त्यासाठी इंधन खर्ची पडले ०.२ मिलिग्रॅम, मिठाच्या दोन-चार कणांइतके! तो विक्रमच होता. मात्र यंत्र चालवायला याहून जास्त वीज लागली होती. अडचण विस्तव पेटवण्यात नाही, तो भरघोस करण्यात आणि टिकवण्यात आहे. आणि तिथेच ही मर्यादा आडवी येते.

संमीलनाची शक्ती प्लाझ्माच्या घनतेच्या वर्गाने वाढते. तापमान तेच ठेवून घनता दुप्पट केली, तर शक्ती चौपट. कुठल्याही सावकाराला मोह पडावा असा हा व्याजदर! मग इंधन कोंबत का नाहीत? कारण एका टप्प्यापुढे प्लाझ्मा अचानक कोसळतो. घनता वाढली की त्याची कड थंड होऊ लागते. भिंतीतून उडून आलेले परके अणू तिथली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने उधळून टाकतात, कड आणखी थंड होते, थंड कडेतून प्रवाह नीट वाहत नाही, तो आत आकसतो, प्लाझ्माचा तोल जातो आणि काही हजारांश सेकंदांत सारे संपते. लाखो अँपिअरचा प्रवाह एकदम तुटला की त्याचा हिसका यंत्राच्या पोलादाला बसतो. आमची शेकोटी हवा कोंडल्यामुळे विझत होती. टोकामॅक विझतो तो कडेची ऊब गमावल्यामुळे. कारणे वेगळी, पण कोंबण्याचे फळ एकच.

ही घनता तरी किती असावी? फ्रान्सच्या दक्षिणेला उभारल्या जात असलेल्या ‘आयटर’ या यंत्राची मर्यादा आपल्या भोवतालच्या हवेच्या सुमारे दोन लाखांव्या हिश्श्याइतकी येते. म्हणजे जवळजवळ निर्वातच. एवढ्या विरळ वस्तूला ‘दाट झाली’ म्हणायचे, हे ऐकून मला हसू आले होते. पण पंधरा कोटी अंशांवर तेवढीही पुष्कळ होते.

अमेरिकेतल्या एमआयटीचे मार्टिन ग्रीनवाल्ड यांनी १९८८ साली ठिकठिकाणच्या यंत्रांचे आकडे एकत्र मांडले आणि त्यातून एक सुटसुटीत सूत्र काढले. प्लाझ्मातून जाणारा प्रवाह घ्या, त्याला नळीच्या काटछेदाच्या क्षेत्रफळाने भागा. येईल तो आकडा घनतेची मर्यादा. प्रवाह मोठा तर मर्यादा मोठी, नळी रुंद तर मर्यादा लहान. सूत्र पोस्टकार्डावर मावेल इतके छोटे. यंत्रांची आखणी त्याच्यावर होऊ लागली. पण हे सूत्र अनुभवातून आले होते. मर्यादा तेवढीच का, याचे पक्के उत्तर त्यात नव्हते.

हे वाचताना मी थांबलो. अशाच एका सूत्राशी माझा जुना आणि कडू संबंध आहे.

१९९० च्या दशकात लघुउद्योगांच्या कर्जासाठी नायक समितीचा नियम आला. उद्योगाच्या अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के रक्कम बँकेने खेळते भांडवल म्हणून द्यावी. तोवर लहान कारखानदाराला कागदांच्या ढिगाऱ्यात गाडून घ्यावे लागे. त्याच्यासाठी हा नियम मोठाच दिलासा होता. आम्हा अधिकाऱ्यांचेही काम सोपे झाले. मी तेव्हा विदर्भातल्याच एका तालुक्याच्या गावी होतो. एक दालमिलवाला आला. उलाढाल पन्नास लाखांची, म्हणून लिमिट दहा लाख. त्याला अठरा हवे होते. तो म्हणाला, "साहेब, तूर तीन महिन्यांतच येते. तेव्हा घेतली नाही तर वर्षभर मिल कशावर चालवू?" त्याचे म्हणणे सरळ होते. वर्षाची सरासरी त्याच्या हंगामाला लागू पडत नव्हती. मी त्याला नियम दाखवला. त्याने उरलेले पैसे खासगी सावकाराकडून, जबर व्याजाने उचलले. दोन हंगामांनंतर मिलला कुलूप लागले.

पुढे केव्हातरी बदलीच्या वेळी टेबल आवरताना तेच परिपत्रक हाती आले आणि मी ते पुन्हा वाचले. त्यात ‘किमान’ असा शब्द होता. किमान २० टक्के. गरज जास्त दिसली तर पारंपरिक पद्धतीने हिशेब करून जास्त द्यायला मुभा होती. जी पायरी होती ती मी भिंत समजलो. नियम चुकला नव्हता. तो कशावर उभा आहे, हे विचारायचे काम माझे होते, आणि ते मी केले नाही. कादंबऱ्यांत मी पुष्कळ माणसे रंगवली. या माणसाला मात्र कधी हात लावायला धजलो नाही.

संमीलनाच्या शास्त्रज्ञांनी तो प्रश्न विचारला, म्हणून ही हकिगत सांगावीशी वाटते. २०२२ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी दाखवले की ही मर्यादा केवळ प्रवाहावर अवलंबून नाही. प्लाझ्माला बाहेरून जितकी जास्त शक्ती पुरवावी तितकी ती वर सरकते. त्यांच्या हिशेबाने आयटरला पूर्वीच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट घनता पेलता यावी. २०२४ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या यंत्राने मर्यादेच्या २० टक्के वर जाऊनही प्लाझ्माची ऊब उत्तम राखली. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या, जाड धातूच्या भिंतीच्या एका लहान यंत्राने मर्यादेच्या दहापट घनता गाठली. तिथले तापमान मात्र वीजकेंद्राला लागणाऱ्या तापमानाच्या जवळपासही नव्हते.

आणि २०२६ च्या पहिल्याच दिवशी प्रसिद्ध झाली ती माझ्या नातीने वाचलेली बातमी. चीनमधल्या हेफेइ शहरातल्या ‘ईस्ट’ या टोकामॅकने ग्रीनवाल्ड मर्यादेच्या १.३ ते १.६५ पट घनता स्थिर ठेवली. युक्ती सुरुवातीतच होती. प्लाझ्मा पेटवतानाच नळीत नेहमीपेक्षा जास्त वायू भरला आणि सूक्ष्मलहरींची उष्णता दिली. त्यामुळे प्लाझ्मा आणि भिंत यांची पहिली गाठ सौम्य पडली, भिंतीतून अणू कमी उडाले, आणि कडेची ऊब टिकली. मर्यादा प्लाझ्माची एकट्याची नसून प्लाझ्मा आणि भिंत या दोघांच्या वागण्यातून ठरते, असे एक सिद्धान्त सांगत होता. त्याला या प्रयोगाने बळ मिळाले. म्हाताऱ्यांनी काठीने भारा सैल केला, त्याच जातीचे हे शहाणपण. यातून वीज निघाली असे मात्र कुणी समजू नये. प्रयोग सुरुवातीच्या टप्प्यातल्या प्लाझ्मावर झाला. पूर्ण तापलेल्या प्लाझ्मात हे साधायचे अजून बाकी आहे.

भिंतीचा विषय निघालाच आहे, तर या गोष्टीची दुसरी बाजू सांगायला हवी. विस्तव टिकवायचा तर राख काढावी लागते. संमीलनाची राख म्हणजे हेलियम. ती आणि नको असलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी नळीच्या तळाशी एक वाट ठेवलेली असते. शास्त्रज्ञ तिला डायव्हर्टर म्हणतात. मी तिला सांडवा म्हणतो. धरण भरले की जादा पाणी सांडव्यावरून जाते, तशी प्लाझ्माच्या कडेवरून निसटलेली उष्णता या वाटेने खाली येते आणि तिथल्या फरश्यांवर आदळते. वाट अरुंद, म्हणून मारा जबर. आयटरच्या फरशीवर दर चौरस मीटरला एक कोटी वॉट अपेक्षित आहेत. वर्ध्याच्या मे महिन्यातल्या भर दुपारी अंगणात साधारण एक हजार वॉट पडतात, आणि तेवढ्यानेच आपण कूलरपुढे बसून हाय हाय करतो. त्याच्या दहा हजारपट!

या फरश्या टंगस्टनच्या करतात. सर्व धातूंत सर्वांत उशिरा वितळणारा हा धातू, ३४०० अंशांच्याही पुढे तग धरणारा. आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यात त्याच्या खनिजाचे साठे नोंदले गेले आहेत. पण वीजकेंद्रासारखा अखंड मारा सुरू राहिला, तर टंगस्टनही झिजेल आणि त्याचे अणू उडून पुन्हा प्लाझ्मालाच थंड करतील.

उपाय धरणावरच सापडतो. सांडव्याच्या पायथ्याशी पाण्याचा डोह ठेवतात. पडणाऱ्या पाण्याचा जोर साठलेल्या पाण्यावरच मोडतो, खालचा खडक वाचतो. इथे डोह वायूचा. फरशीपुढे थोडा निऑन किंवा नायट्रोजन सोडतात. खाली येणारा प्लाझ्मा त्यात आपली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने चारी बाजूंना उधळतो आणि थंड होत जातो. पुरेसा थंड झाला की इलेक्ट्रॉन आणि केंद्रके पुन्हा एकत्र येतात, साधा वायू होतो, आणि साधा वायू चुंबकाच्या वाटेला बांधलेला नसल्याने पसरून जातो. प्लाझ्माचा प्रवाह फरशीला टेकण्यापूर्वीच विरतो. या अवस्थेला ‘डिटॅचमेंट’ म्हणतात. वर्ध्याच्या माणसाला हा शब्द ऐकून पवनारचे विनोबा आणि अनासक्ती आठवली नाही तरच नवल! गंमत अशी की इथेही अर्थ फार दूरचा नाही. विस्तव जागेवर आहे, धग पूर्ण आहे, फक्त तो भिंतीला चिकटलेला नाही. इंग्लंडमधल्या एका टोकामॅकने २०२१ मध्ये सांडव्याची वाट लांब करून फरशीवरचा मारा दहापटीने कमी केल्याचे दाखवले.

आता खरी मेख. डोहातला वायू वाढवत नेला तर थंडावा खाली राहत नाही. तो हळूहळू वर चढतो, प्लाझ्माच्या कडेला भिडतो, आणि कड थंड झाली की काय होते ते वर सांगितलेच आहे. वायू कमी पडला तर फरशी जळते, जास्त झाला तर विस्तव विझतो. घनतेची मर्यादा आणि सांडव्यावरची अलिप्तता हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. एकाच तराजूची ती दोन पारडी आहेत. म्हणून घनतेची मर्यादा थोडी जरी वर सरकली, तरी शास्त्रज्ञांना हायसे वाटते. शक्ती वाढते ती वाढतेच, शिवाय सांडवा सांभाळायला हाताशी जास्त जागा उरते.

या कामात आपला देशही आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हा भारतीय टोकामॅक १९८९ साली सुरू झाला. सुधारलेल्या रूपात तो पुढेही चालू राहिला. आयटरमध्ये भारताचा वाटा सुमारे नऊ टक्क्यांचा. त्या यंत्राला बाहेरून वेढणारे, सुमारे तीस मीटर उंच आणि ३८५० टन वजनाचे पोलादी निर्वातपात्र भारताने दिले. गुजरातमधल्या हजिरा इथे त्याचे भाग बनले, समुद्रमार्गे फ्रान्सला गेले आणि तिथे जोडले गेले. २०२४ मध्ये मांडलेल्या सुधारित वेळापत्रकानुसार आयटरवर संशोधन २०३४ मध्ये सुरू व्हावे आणि खऱ्या इंधनावरचे प्रयोग २०३९ मध्ये.

आमच्या गावापासून जवळच मगनवाडी आहे. तिथे बसून ग्रामोद्योगाचा संसार चालवणारे जे. सी. कुमारप्पा हेही एका अर्थाने हिशेबनीसच, सनदी लेखापाल होते. कोळसा आणि तेल ही साठ्यातली संपत्ती, आणि वाहते पाणी, वाढते जंगल ही प्रवाहातली संपत्ती, असा भेद त्यांनी केला. साठ्यावर जगणारा समाज फार काळ टिकत नाही, ही त्यांची चिंता. आमच्याच नदीचे नाव मिरवणाऱ्या वर्धा खोऱ्यातला कोळसा आपण वर्षानुवर्षे जाळत आलो. त्या साठ्यात पुन्हा भर पडत नाही. समुद्रातले ड्यूटेरियम हाही साठाच, पण एवढा मोठा की मोजणारा थकावा. तो हाती आला तर कुमारप्पांना त्याची नोंद कुठल्या रकान्यात करावी, हा प्रश्नच पडला असता. तोवर मात्र ऊन, वारा आणि काटकसर यांना पर्याय नाही. भाभांसारख्या माणसाचेही मुदतीचे गणित चुकले. मी कुठली तारीख देणार?

हे सगळे नातीला सांगितले तेव्हा तिने आधी बोटांवर हिशेब केला. "२०३९ मध्ये मी तिशीची होईन," ती म्हणाली. मग तिने विचारले, "आबा, त्या दालमिलवाल्याचं पुढे काय झालं?"

मी शोध घेतला नव्हता, हेच खरे उत्तर होते आणि तेच मी दिले. ती काही बोलली नाही.

गल्लीच्या टोकाला शेकोटी पेटली होती. पोरे आता पऱ्हाट्या एकेक करून घालत होती, आणि म्हातारे गृहस्थ काठी मांडीवर आडवी ठेवून त्यांच्याकडे नुसते बघत बसले होते.